नव्या आणि दुर्मीळ स्कॉचची तुलना: एकाच फूटपट्टीनं मोजायची कशी?

खडकी (छत्रपती संभाजीनगर)

मे महिन्यात पाच बाटल्या शेजारी शेजारी लावायच्या आहेत. सगळ्या स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या, सगळ्या धुराच्या (म्हणजे जव पीटच्या, दलदलीतल्या कुजक्या मातीच्या, धुरावर वाळवलेले). आर्डबेग १० (४६ टक्के), पोर्ट शार्लट १० (५० टक्के), आर्डनाहोची २०२४ मध्ये आलेली पहिली पाच वर्षांची व्हिस्की (५० टक्के), एका इंडिपेंडंट बॉटलरची (दुसऱ्याची व्हिस्की घेऊन आपल्या नावानं भरणाऱ्याची) सिंगल कास्क, म्हणजे एकाच पिंपातली कूल ईला (५६ टक्के) आणि लॅफ्रॉइग १० कास्क स्ट्रेंथची, म्हणजे पाणी न घालता भरलेली, एक बॅच (५८ टक्के). नावातला १० म्हणजे वय, कंसात अल्कोहोलची ताकद.

चार जण चाखणार आहेत. अडचणी तीन. पाचही बाटल्यांची ताकद एकसारखी नाही. बाहेर ४१-४२ अंश असतं. आणि नळाला पाणी येईल तेव्हा येईल, एरवी बोअर. यात तुलना प्रामाणिक कशी करायची ते तपशिलात सांगा. कोणती 'भारी' हे विचारत नाही, पद्धत विचारतोय.

गोदाकाठ (नांदेड)

आधी पाणी बघू, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे.

आपल्याकडचं बोअर बेसाल्टच्या खडकातलं. चुनखडीचा अंश भरपूर. पिण्याच्या पाण्यासाठी टीडीएसची (विरघळलेल्या क्षारांची) स्वीकारार्ह मर्यादा ५०० मिलिग्रॅम प्रति लिटर आहे आणि मराठवाड्यातली बरीच बोअर तिच्या वर जातात. असं पाणी व्हिस्कीत घातलं की फळांचा आंबटपणा बसतो आणि शेवटाला खडूसारखी कोरड येते. ती कोरड मग बिचाऱ्या पिंपाच्या नावावर लिहिली जाते. नळाच्या पाण्याची गोष्ट वेगळी. त्यात क्लोरीन असतं, आणि पीटवाल्या व्हिस्कीत आपण शोधतो तोच औषधी वास. दोन्ही एकमेकांत मिसळले की लॅफ्रॉइगचं काय आणि टाकीचं काय, सांगता येत नाही. घरच्या आरओचं ५० ते १०० टीडीएसचं पाणी घ्या. पाचही ग्लासांना एकाच बाटलीतलं. जारचं पाणी घेणार असाल तर आधी नुसतं पिऊन बघा, प्लास्टिकचा वास असेल तर बाद.

आता ताकद. हिशेब सरळ आहे: व्हिस्कीचे मिलीलिटर गुणिले आत्ताची ताकद, भागिले हवी ती ताकद. उत्तरातून मूळ मिलीलिटर वजा करा, उरलं ते पाणी. सगळ्या ४६ वर आणायच्या तर १५ मिलीला असं पडतं:

आर्डबेग: पाणी नाही.
पोर्ट शार्लट आणि आर्डनाहो: १.३ मिली.
कूल ईला: ३.३ मिली.
लॅफ्रॉइग: ३.९ मिली.

चमच्यानं हे जमणार नाही. मेडिकलमधून सुईशिवायची ५ मिलीची सिरिंज आणा, गरम पाण्यानं तीनदा धुवा, आतल्या रबराचा वास गेला का बघा. पाणी ग्लासाच्या कडेनं हळू सोडा. कडक व्हिस्कीत पाणी उतरताना तेलकट, वळवळत्या रेषा दिसतात, तापल्या डांबरी रस्त्यावर हवा थरथरते तशा. त्या दिसतायत तोवर दोन्ही द्रव अजून एकजीव झालेले नाहीत. ग्लास दोनदा फिरवा, रेषा विरल्या की दोन मिनिटं थांबा, मगच नाक लावा. पाणी पडल्या पडल्या येणारा वास अर्धवट असतो, त्यावर मत बनवू नका.

बालाघाट (अंबाजोगाई)

गोदाकाठ काका, हिशेब चोख आहे, पण सगळ्यांना ४६ वर आणण्याला माझा अर्धा विरोध आहे.

बाटलीची ताकद हा बनवणाऱ्याचा निर्णय असतो. ५८ वर भरलेल्या लॅफ्रॉइगचा जिभेवरचा जाडपणा हा तिच्या गुणाचाच भाग. तो पातळ करून 'आर्डबेग जास्त भरीव वाटली' म्हणणं अन्यायाचं आहे. उलट सगळ्या जशाच्या तशा ठेवल्या तर ५८ पुढं ४६ ची फिकी वाटणारच. म्हणून दोन फेऱ्या करा. पहिली जशी बाटली तशी, फक्त नाकानं आणि एका छोट्या घोटानं. दुसरी ४६ वर आणून, सविस्तर. दोन्हींचे गुण वेगळे लिहा आणि त्यांची बेरीज करू नका. पहिली फेरी सांगते बाटली कशी आहे. दुसरी सांगते आतली दारू कशी आहे.

पाणी घातल्यावर धूर का उठतो याचंही कारण आहे. २०१७ मध्ये स्वीडनच्या लिनेयस विद्यापीठातल्या कार्लसन आणि फ्रीडमन यांनी संगणकावर ग्वायकॉल या धुराच्या रेणूचा अभ्यास केला. अल्कोहोल ४५ टक्क्यांच्या आसपास किंवा खाली असेल तर तो द्रवाच्या पृष्ठभागाशी राहतो. ताकद वाढली की अल्कोहोलचे रेणू त्याला वेढतात आणि तो आत दबतो. म्हणजे कूल ईला ५६ वर 'कमी धुराची' वाटली तर लगेच तसं लिहू नका, ४६ वर येऊ द्या.

शाळू (परभणी)

पाणी झालं, ताकद झाली. माझ्या मते मे महिन्यात खरा घात तापमान करतं.

चाखायला द्रव २० ते २२ अंशांवर हवा. आपल्याकडं बंद खोलीत ठेवलेली बाटलीच ३४-३५ वर असते. त्या तापमानाला अल्कोहोल आधी उडतं, नाकात मिरची गेल्यासारखं होतं आणि मागचे नाजूक वास त्याखाली मरतात. मग माणूस म्हणतो 'कच्ची आहे'. व्हिस्की कच्ची नसते, खोली तापलेली असते.

ग्लासचं: ट्यूलिपसारखा, पोट फुगीर आणि तोंड अरुंद. ग्लेनकेर्न हा त्यातला सर्वांत ओळखीचा. नाही मिळाला तर छोटा वाइन ग्लास चालेल, पण पाचही एकाच मापाचे हवेत. रुंद तोंडाच्या पेगच्या ग्लासात वास टिकत नाही. ग्लास साबणाविना गरम पाण्यानं धुऊन उताणे वाळवा. कपाटात पालथे ठेवलेल्या ग्लासात लाकडाचा आणि कोंडलेल्या हवेचा वास साठतो, तो पहिल्या हुंगण्यात 'जुनं ओक' म्हणून फसवतो. फडक्यानं पुसू नका, फडक्याला स्वयंपाकघराचा वास असतोच.

खाण्याचं: जेवण दोन तास आधी, सौम्य. नान खलिया, ठेचा, लसणाची चटणी त्या दिवशी नको. मधे मधे जीभ साफ करायला ज्वारीच्या बिनमिठाच्या लाह्या उत्तम, किंवा कालच्या भाकरीचा कोरडा तुकडा. खोलीत उदबत्ती नाही, मोगरा नाही, अत्तर लावून कुणी येणार नाही. तंबाखू-पानवाल्यांनी किमान तासभर आधी थांबायचं.

खडकी

शाळू दादा, एसी फक्त आतल्या खोलीत आहे आणि लाइटीचा भरवसा नाही. बाटल्या फ्रिजमध्ये ठेवून काढल्या तर?

शाळू

बाटली नको. फ्रिजच्या ४-५ अंशांवर वास पूर्ण मिटतो आणि वर यायला तास लागतो. शिवाय थंड ग्लासाला आपल्या हवेत घाम फुटतो. त्याऐवजी पाचही बाटल्या, ग्लास आणि पाण्याची बाटली असं सगळं मिळून तीन तास आधी आतल्या खोलीत न्या आणि एसी २२ वर लावा. काच आणि द्रव दोन्ही सावकाश थंड होतात, म्हणून तीन तास. लाइट गेली तर बाटल्यांना ओलं सुती फडकं गुंडाळून पंख्याखाली ठेवा. आपली हवा मे मध्ये कोरडी असते, त्यामुळं माठासारखं काम होतं. लेबल जपायचं असेल तर आधी प्लास्टिकची पिशवी चढवा. एक साधा थर्मामीटर ग्लासात बुडवून बघा आणि तो आकडा टिपणात लिहा. बर्फ अजिबात नाही.

तेरणाकाठ (धाराशिव)

पद्धतीवर चांगलं चाललंय. मला शब्दांबद्दल बोलायचंय, कारण टिपण लिहिताना सगळी गाडी तिथंच अडते. परदेशी टिपणांतले वास आपण खाल्लेले नसतात आणि ते उसने घेऊन लिहिलं की चार जणांची चार टिपणं एकसारखी दिसतात. आपल्या नाकात जे साठलंय त्यातून लिहा, ते जास्त अचूक असतं.

धुराचेच प्रकार घ्या. हुरड्याची आगटी पेटलेली असताना येणारा गोवरीचा धूर वेगळा, दुसऱ्या दिवशी त्या राखेवर पाणी टाकल्यावर येणारा वेगळा. कूल ईलाचा धूर आगटीपासून वीस पावलांवर उभं राहिल्यासारखा असतो, स्वच्छ, लिंबाची साल मिसळलेला. आर्डबेगमध्ये डांबर आणि विझलेल्या चुलीची काजळी, पण आतून लिंबासारखी गोड-आंबट. लॅफ्रॉइग म्हणजे दवाखान्यातला ड्रेसिंगचा ट्रे: टिंक्चर, कापूस, आयोडीन. यामागं रसायनही आहे. ग्वायकॉल चुलीकडं नेतं, क्रेसॉल डांबर आणि औषधाकडं.

लाकडासाठी: अमेरिकन ओकमधून व्हॅनिला आणि सुक्या खोबऱ्याचा वास येतो, खोबऱ्याचा तिथल्या लॅक्टोनमुळं. युरोपियन ओकमधून लवंग आणि तुरटपणा. शेरीच्या (स्पेनच्या कडक वाइनच्या) पिंपातून खारीक, मनुका, काकवी, चिंचेचा कोळ. जळालेल्या काडीचा किंवा तापलेल्या रबराचा वास आला तर तो गंधकाचा. पिंपं जपायला गंधक जाळतात, त्याचा अंश राहतो. काही नाकांना तो कळतच नाही, त्यामुळं चौघांत मतभेद झाला तर भांडू नका, दोघांचंही लिहा.

मोसंबी लिहिताना नेमकं लिहा. जालन्याच्या मोसंबीची साल नखानं खरवडल्यावर उडणारं तेल, आतला रस, आणि सालीखालचा पांढरा कडू पापुद्रा या तीन वेगळ्या चवी आहेत. पापुद्र्याचा कडवटपणा शेवटाला आला तर तो बहुधा लाकडाचा. कोवळ्या व्हिस्कीत पिकलेल्या सीताफळासारखी गोडी सापडते, पण तिच्या मागं भिजवलेल्या धान्याचा, आंबवणाचा वास असेल तर ती दारू पिंपात अजून पुरती बसलेली नाही. आर्डनाहोमध्ये पहिली गोष्ट शोधा आणि दुसरी आहे का ते तपासा.

मोसंबीबाग (जालना)

तेरणाकाठ ताईंचं टिपण छापून भिंतीला लावावं असं आहे.

लेबलावरच्या पीपीएमला (दहा लाखांत किती भाग) भुलू नका. तो आकडा माल्टमधल्या (मोड आणून वाळवलेल्या जवातल्या) फिनॉलचा, म्हणजे धुराच्या रसायनांचा असतो, बाटलीतल्या द्रवाचा नव्हे. ब्रुकलॅडीच्या ऑक्टोमोर ८.३ वर ३०९.१ लिहिलेलं होतं, पण प्यायला ती लॅफ्रॉइगच्या सहा-सात पट धुराची नाही. मॅशिंगमध्ये (माल्ट गरम पाण्यात भिजवताना) आणि ऊर्ध्वपातनात बराच फिनॉल मागं राहतो आणि किती राहतो ते भट्टीच्या आकारावर आणि गाळताना मधली दारू कुठं वेगळी काढली त्यावर ठरतं. कूल ईला आणि लागाव्हुलिन यांचा माल्ट पोर्ट एलन गावातल्या एकाच माल्टिंग कारखान्यातून, साधारण ३५ पीपीएमच्या आसपासचा येतो. तरी चवीत जमीन-अस्मानाचा फरक. आर्डबेगच्या स्पिरिट स्टिलला प्युरिफायर आहे, जड वाफ परत भट्टीत पाठवणारा. आर्डनाहो वाफ थंड करायला वर्म टब (थंड पाण्यात बुडवलेली तांब्याची वेटोळी नळी) वापरते, आयलावर ती एकटीच. त्यामुळं तिच्यात थोडा जडपणा मिळाला तर त्याला वयाचा दोष समजू नका.

सिंगल कास्कच्या लेबलाची पडताळणी मात्र जरूर करा. हॉग्सहेड हे पिंप साधारण २५० लिटरचं. वर्षाला दोन टक्के उडतं धरलं तर बारा वर्षांनी १९६ लिटरच्या आसपास उरतं, म्हणजे ७०० मिलीच्या २८० बाटल्या. पाणी न घालता भरलेल्या हॉग्सहेडवर '६०० बाटल्या' दिसल्या तर काही तरी जुळत नाही. पूर्ण भरलेल्या पिंपातूनही ३५७ च्या वर निघत नाहीत. शेरी बट ५०० लिटरचं, तिथं ६०० शक्य आहे. आणि 'शेरी कास्क' वाचून डोळ्यासमोर जुनी वाहतुकीची पिंपं आणू नका. १९८० च्या दशकात स्पेनमधून पिंपातली शेरी बाहेर जाणं थांबलं. आज बहुतेक पिंपं व्हिस्कीसाठीच शेरी भरून तयार केलेली असतात. वाईट नसतात, पण चव वेगळी.

रंगावरून काहीच ठरवू नका. स्कॉचमध्ये पाणी आणि साधा कॅरॅमल रंग, एवढंच घालायला कायद्यानं परवानगी आहे.

बालाघाट

रंगाचा मुद्दा आलाच आहे तर डोळे बांधून चाखण्याबद्दल सांगतो. ग्लासाखाली क्रमांक, ओतणारा पाचवा माणूस, आणि तो चाखताना खोलीत नसावा, कारण त्याचा चेहरा बोलतो. ग्लासाभोवती कागदाची पट्टी गुंडाळा.

एखादी नवी बॅच जुन्यापेक्षा खरंच वेगळी आहे की मन सांगतंय, हे तपासायला त्रिकोणी चाचणी करा. तीन ग्लास, दोनांत एकच व्हिस्की, तिसऱ्यात दुसरी. वेगळा ग्लास ओळखायचा. अंदाजानं बरोबर यायची शक्यता एकतृतीयांश. सहा वेळा करून चार बरोबर आले तर खूश होऊ नका, अंदाजानंही चार किंवा जास्त दहा टक्के वेळा येतात. पाच आले तर ती शक्यता दोन टक्क्यांच्या आत येते, मग फरक मान्य करा. दर फेरीला ५ मिलीहून जास्त ओतू नका, सहा फेऱ्या एका दिवशी नकोत, आणि थुंकायला भांडं ठेवा. थुंकण्यात लाज नाही, बॅच ओळखायची तर जीभ आणि डोकं दोन्ही जागेवर लागतं.

पैठणवाट

'दुर्मीळ' या शब्दाबद्दल कुणी बोललं नाही. ब्रोराची भट्टी १९८३ ला बंद, २०२१ ला पुन्हा सुरू. पोर्ट एलन १९८३ ला बंद, २०२४ ला सुरू. रोझबँक १९९३ ला बंद, २०२३ पासून पुन्हा दारू गाळते. या नावांनी आज दिसणारी महागडी बाटली जुन्या साठ्यातली असते. नव्या ब्रोराची बारा वर्षांची २०३३ च्या आधी येऊच शकत नाही. कुणी विकायला आणली तर तिथंच थांबा.

बनावटीचं प्रमाण लहान नाही. २०१८ मध्ये ग्लासगोजवळच्या प्रयोगशाळेत ५५ दुर्मीळ बाटल्या तपासल्या, त्यातल्या २१ खोट्या निघाल्या. तपासणी कार्बन-१४ ची. १९५० आणि ६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांनी हवेतला कार्बन-१४ वाढला, तो त्या वर्षीच्या जवात उतरला, आणि जवातून दारूत. त्यामुळं १८७८ ची म्हणून विकलेली मॅकॅलन २०१७ मध्ये १९७० च्या सुमाराची मिश्र व्हिस्की ठरली. आपल्याला प्रयोगशाळा परवडत नाही, पण ओळखीच्या दुकानाबाहेर, पावतीविना, टेंपोतून आलेली 'दुर्मीळ' बाटली घेऊ नये एवढं आपल्या हातात आहे.

गोदाकाठ

पैठणवाट यांना अनुमोदन. किमतीचंही एक. तुलना बाटलीच्या किमतीवर करू नका, १०० मिलीच्या किमतीवर करा. विमानतळावरची एक लिटरची, युरोपातली ७०० ची आणि इथली ७५० ची यांत तिथंच गफलत होते. भारत-ब्रिटन करारावर २४ जुलै २०२५ ला सह्या झाल्या. त्यात स्कॉचवरचं १५० टक्के सीमाशुल्क आधी ७५ वर आणि मग दहा वर्षांत ४० वर आणायचं ठरलंय. पण दुकानातल्या किमतीत राज्याचं उत्पादन शुल्कही असतं, त्यामुळं किंमत निम्मी होईल असं गृहीत धरून आज कुठलीही बाटली टाळू नका. परदेशातून येताना माणशी दोन लिटरची सूट आहे.

महाराष्ट्रात चौघांचंही वय २५ पूर्ण आणि प्रत्येकाकडं परवाना हवा. उरलेले नमुने कुरिअरनं पाठवायचे नाहीत, विकायचे तर मुळीच नाहीत. आणि त्या रात्री कुणीही गाडी चालवायची नाही.

खडकी

मनापासून आभार. क्रम असा ठरवतोय: आर्डबेग, पोर्ट शार्लट, आर्डनाहो, कूल ईला, लॅफ्रॉइग. ताकदीच्या चढत्या क्रमानं. प्रत्येकी १५ मिली. उरलेल्या बाटल्या उन्हाळाभर कशा ठेवायच्या?

शाळू

उभ्या ठेवा. आडव्या ठेवल्या की अल्कोहोल बुच खातं. अंधारात, घराच्या मधल्या भिंतीशी, पश्चिमेच्या भिंतीवरचं लोखंडी कपाट नको. २५ चं ४० अंश झालं की ७०० मिली व्हिस्की सात-आठ मिलीनं फुगते, बुचाशेजारून हवा बाहेर ढकलते, रात्री थंड झाली की नवी हवा आत ओढते. रोज हेच. भरलेली बाटली निभावते, अर्धी झालेली दोन-तीन महिन्यांत विटते, आणि पहिल्यांदा जातो तो लिंबाचा वरचा वास. म्हणून अर्ध्याखाली गेली की काचेच्या १०० किंवा २०० मिलीच्या बाटलीत गळ्यापर्यंत भरून ठेवा. झाकण आत शंकूच्या आकाराचं प्लास्टिक असलेलं घ्या, रबराचं नको. औषधाची जुनी बाटली कितीही धुतली तरी वापरू नका.

बालाघाट

क्रमात एक बदल सुचवतो. कूल ईला तिसरी घ्या, आर्डनाहो चौथी. दुसऱ्या फेरीत सगळ्या ४६ वरच असतील, तेव्हा ताकदीचा क्रम उरत नाही, धुराच्या जडपणाचा उरतो. कूल ईला पाचांत सर्वांत स्वच्छ, ती वर्म टबच्या जड दारूनंतर आली तर पातळ वाटेल. आणि आर्डबेग सुरुवातीला जशी ओतलीत तशीच शेवटी, लॅफ्रॉइगनंतर, क्रमांक बदलून पुन्हा ५ मिली ओता. दोन्ही टिपणं जुळली तर मधल्या चौघींवर लिहिलेलं धरा. जुळली नाहीत तर त्या रात्रीचे गुण खोडा आणि आठ दिवसांनी पुन्हा बसा.

खडकी

बदल केला. ओतणाऱ्याला क्रमांकांचा कागद बंद पाकिटात देतोय. टिपणं इथंच टाकीन, तापमान आणि टीडीएससकट.